उडालेलं पोर्सिलीन तोंडातच जोडायचं, तर ॲसिड की सँडब्लास्ट?

पुढच्या दाताच्या कॅपचं पोर्सिलीन उडालं, की इथे इंदूरला पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला, "कॅप न काढता होईल ना, डॉक्टर?" घरात लग्न असेल तर होईल असंच म्हणावं लागतं. पुढचा प्रश्न आपला. तुटलेल्या जागी एचएफने, म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिडने, एचिंग करून पृष्ठभाग खरखरीत करायचा, की बारीक पावडरचा मारा करून, म्हणजे सँडब्लास्टने? मी दोन्ही करत आलोय.

एचएफचं श्रेय आधी देतो. फेल्डस्पॅथिक, म्हणजे काच जास्त असलेल्या नेहमीच्या पोर्सिलीनवर ९ टक्क्यांचं जेल मिनिट-दीड मिनिट ठेवलं, धुऊन सिलेन (पोर्सिलीन आणि रेझिनला जोडणारं द्रव्य) लावलं, की कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग, घट्ट बसतं. ॲसिड पोर्सिलीनमधली काच विरघळवतं, त्या बारीक खाचांत रेझिन शिरतं. ३७ टक्क्यांच्या फॉस्फोरिक ॲसिडने हे होत नाही, त्याने जागा फक्त स्वच्छ होते. कॅप लिथियम डायसिलिकेटची, म्हणजे काच असलेल्या मजबूत सिरॅमिकची असेल, तर मीही ५ टक्के एचएफ, २० सेकंद, हाच रस्ता धरतो.

पण ते तोंडात धुणं! माझं मन तिथेच फिरलं. लोकमान्य नगरच्या एका काकूंची कॅप सुपारीने अगदी हिरडीलगत उडालेली. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारी रबराची चादर) लावला, कडेने लिक्विड डॅमही (हिरडी झाकणारं, घट्ट होणारं जेल) भरला. जेल लावताना काही अडत नाही. धुताना मात्र पाण्याची धार लागली की पातळ झालेलं ॲसिड कुठे वाहील याचा नेम नाही. त्यात काकूंना नेमकं तेव्हाच गिळावंसं वाटतं, मान हलते. शिवाय हे ॲसिड लागल्या लागल्या झोंबेलच असं नाही, भाजल्याचं मागाहून कळतं. त्यामुळे पेशंट हात वर करेल या भरवशावर राहता येत नाही. या ॲसिडवरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, हाताशी असूनही जीव टांगणीला लागतो.

सँडब्लास्टची धूळही कटकटीचीच. ५० मायक्रॉनची ॲल्युमिना पावडर चष्म्यावर बसते, जिभेवर किरकिरते, सक्शन अगदी जवळ धरावं लागतं. पण धूळ पुसली की संपली. आणि आपल्याकडच्या जुन्या कॅप बहुतेक धातूवरच्या. पोर्सिलीन गेलं की खाली करडा धातू दिसतो, त्यावर एचएफ काहीच करत नाही. सँडब्लास्ट धातू आणि पोर्सिलीन एका दमात खरखरीत करतो. ३० मायक्रॉनची सिलिका-लेपित पावडर असेल, तर धातूवरही सिलेनला धरायला सिलिका मिळते. मग धातू झाकायला ओपेकर आणि वर कॉम्पोझिट. झिरकोनिया या सिरॅमिकमध्ये काचच नाही, तिथे सँडब्लास्ट करून एमडीपीचा (झिरकोनियाला धरणाऱ्या रसायनाचा) प्राइमर लावावा.

टिकण्याच्या बाबतीत माझ्या पेशंटांत दोन्ही दुरुस्त्या सारख्याच दिसतात. रबर डॅमवर ज्यांचा हात बसलाय, त्यांनी ॲसिड खुशाल वापरावं. पण नवा दवाखाना मांडताना एकाच गोष्टीत पैसे घालायचे असतील, तर माझ्या मते छोटा सँडब्लास्टर आधी घ्यावा, एचएफची सिरिंज मागाहून येईल. सिलेन मात्र दोन्हीकडे ताजं हवं, दुधाळ झालेली बाटली सरळ टाकून द्यावी.