मिक्सर आणि क्रिस्टल फिल्टरच्या मधे काय लावावं: बरेच महिने वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे ते इथूनच सोल्डरिंग आयर्न तापवायला जाऊ शकतात. हॅम रेडिओच्या रिसीव्हरमध्ये मिक्सरनंतर (तो आलेला सिग्नल दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर नेतो) नुसता डायप्लेक्सर (फ्रीक्वेन्सीनुसार सिग्नल दोन वाटांना लावणारं सर्किट) टाकून पुढे थेट क्रिस्टल फिल्टर (हवा तो अरुंद पट्टाच सोडणारा) जोडला तर काम अर्धवटच होतं, मधे एक दमदार ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि त्याच्या लगेच पुढे ६ डीबीचा पॅड (सिग्नल मुद्दाम कमी करणारे रेझिस्टर) पाहिजे. आणि दोन्हीतलं एकच करायचं असेल तर मी डायप्लेक्सर सोडेन, ॲम्प आणि पॅड नाही सोडणार.

सेटअप साधाच आहे. ४० मीटरचा (७ मेगाहर्ट्झच्या बँडचा) सिंगल कन्व्हर्जन, म्हणजे फ्रीक्वेन्सी एकदाच बदलणारा रिसीव्हर, एसबीएल-१ डायोड रिंग मिक्सर, लोकल ऑसिलेटर १६ मेगाहर्ट्झच्या आसपास, आयएफ (मिक्सरनंतरची मधली फ्रीक्वेन्सी) ९ मेगाहर्ट्झ, क्रिस्टल ओळीने जोडून घरी बनवलेला लॅडर फिल्टर. आधी डायप्लेक्सर आणि थेट फिल्टर असं बरेच दिवस चालवलं, नंतर मधे २एन५१०९ ट्रान्झिस्टरचा ॲम्प आणि पॅड घातला, त्यामुळे दोन्ही तऱ्हा कानाने ऐकलेल्या आहेत.

मूळ भानगड अशी की डायोड रिंगला आयएफ पोर्टवर सगळ्याच फ्रीक्वेन्सीला ५० ओहम दिसायला हवेत, आणि क्रिस्टल फिल्टर मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावूनसुद्धा ५० ओहम दाखवतो ते फक्त त्याच्या अडीचेक किलोहर्ट्झच्या पासबँडमध्ये (तो पुढे सोडतो त्या पट्ट्यात). त्याबाहेर तो जवळजवळ निव्वळ रिॲक्टन्स (पॉवर न जिरवणारा अडथळा) असतो, जे येईल ते परत ढकलतो. परत आलेलं सगळं डायोडमध्ये पुन्हा मिसळतं, इंटरसेप्ट पॉइंट (तगडे सिग्नल सोसायच्या ताकदीचं माप) खाली येतो, कन्व्हर्जन लॉस (मिक्सरमध्ये वाया जाणारा सिग्नल) जागोजागी बदलतो. वर फिल्टरलाही मागे नीट ५० ओहम मिळत नाहीत म्हणून पासबँडमध्ये चढउतार येतात ते वेगळंच.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे डायप्लेक्सर. ९ मेगाहर्ट्झला क्यू (सर्किट किती अरुंद पट्टा निवडतं त्याचं माप) १ धरला की चारही पार्ट ५० ओहम रिॲक्टन्सचे येतात, म्हणजे ०.८८ मायक्रोहेन्री आणि ३५४ पिकोफॅरड, टी५०-६ या पिवळ्या टोरॉइडवर १५ वेढे, आणि ३३० ला २२ पिकोफॅरडचा एनपी० (तापमानाने फारसा न बदलणारा) कपॅसिटर पॅरलल. तासाभरात होतो. पुढे ५० ओहमचा रेझिस्टर लावून व्हीएनएवर (फ्रीक्वेन्सीनुसार सर्किट मोजणाऱ्या यंत्रावर) पाहिलं तर इतकी सुंदर सपाट रेघ दिसते की माणूस तिथेच खूश होऊन डबा बंद करतो. पण रेझिस्टर काढून तिथे खरा फिल्टर लावा आणि ९ च्या आजूबाजूला पुन्हा स्वीप करा, पासबँड सोडला तर रिटर्न लॉस (परत येणारा सिग्नल किती डीबीने कमी आहे ते) पार कोसळलेला दिसेल. कारण उघड आहे, डायप्लेक्सर २३ मेगाहर्ट्झचा (१६ अधिक ७) बेरीज सिग्नल पकडायला बसवलाय (तोही क्यू १ असेल तर पुढे जाताना जेमतेम साडेसात डीबी कमी होतो), पण त्रास देणारं स्टेशन कुठे असतं? मी ७.०४० ऐकतोय आणि ७.३०० वर तगडं ब्रॉडकास्ट स्टेशन आहे, तर ते आयएफला ८.७४० वर येणार. डायप्लेक्सरच्या दृष्टीने ते पासबँडच्या ऐन मधे, तो त्याला आरामात पुढे सोडतो, फिल्टर परत मारतो, आणि डायप्लेक्सर तितक्याच आरामात ते मागे मिक्सरला नेऊन देतो. क्यू वाढवून १० केला तरी त्याची रुंदी ९०० किलोहर्ट्झ राहते, म्हणजे या बाबतीत फरक शून्य.

म्हणून ॲम्प. फीडबॅक लावलेला २एन५१०९, साधारण ५० मिलिॲम्पिअर, गेन १६ डीबीच्या आसपास. याचं इनपुट रुंद पट्ट्यात ५० ओहमच्या जवळ असतं, पण एक मेख आहे, फीडबॅकमुळे आउटपुटला काय जोडलंय त्यावर इनपुट इम्पिडन्स हलतो, म्हणजे फिल्टरची खोड ॲम्पमधून झिरपत मागे पोचते. ६ डीबीचा पॅड ती तोडतो, पुढे कितीही वाईट लोड असला तरी ॲम्पला किमान १२ डीबी रिटर्न लॉस दिसतो. पाय (π) आकाराच्या पॅडला १५० ओहमचे दोन आणि मधे ३७ च्या जवळपासचा एक, बस. पॅड ॲम्पच्या पुढेच हवा, आधी लावला तर सहाच्या सहा डीबी सरळ नॉइज फिगरमध्ये (रिसीव्हर स्वतः किती नॉइज वाढवतो त्यात) जमा होतात.

बँडवर फरक कळतो तो रात्री. पूर्वी अंधार पडला की बँडच्या तळाशी एक गढूळ खरखर असायची, मला ती बँडचीच वाटायची. खरी की खोटी हे ओळखायला रिसीव्हरच्या समोर १० डीबीचा ॲटेन्युएटर टाकायचा: खरा सिग्नल १० ने पडतो, थर्ड ऑर्डरचं भूत (तगडे सिग्नल आपसात मिसळून बनलेला खोटा सिग्नल) ३० ने. माझी खरखर धाडकन पडली. आता ॲटेन्युएटर टाकला की सगळं एकसारखं खाली जातं, आणि एसएसबीचा (सिंगल साइडबँडवरच्या बोलण्याचा) आवाजही जास्त नैसर्गिक वाटतो, ते पासबँड सपाट झाल्यामुळे असणार.

तक्रारी आहेत. २एन५१०९ चांगला तापतो, टोपीसारखा हीटसिंक लागतोच, आणि बॅटरीवर चालवायचं असेल तर ५० मिलिॲम्पिअर डोळ्यात खुपतात. वेस हेवर्ड आणि बॉब कॉप्स्की यांनी २००९ मध्ये मांडलेला टर्मिनेशन इन्सेन्सिटिव्ह ॲम्प हा चांगला पर्याय, त्यात लोड बदलला तरी इनपुट फारसा हलत नाही, पण ट्रान्झिस्टर जास्त लागतात. दोन जुळे फिल्टर आणि दोन क्वाड्रेचर हायब्रिड (सिग्नल ९० अंशांच्या फरकाने दोन भागांत वाटणारे) लावून परतणारी पॉवर डमी लोडमध्ये जिरवणं कागदावर सगळ्यात देखणं, फक्त घरी दोन लॅडर फिल्टर हुबेहूब जुळवायला बसा म्हणजे समजेल.

डायप्लेक्सर मी काढलेला नाही, ॲम्पच्या आधी तो अजून आहे, २३ चा सिग्नल आणि १६ चा लोकल ऑसिलेटरचा लीकेज ॲम्पवर कमी आदळतो एवढाच त्याचा उपयोग. एसए६१२ ही मिक्सरची आयसी वापरणाऱ्यांनी यातलं काही तसंच्या तसं उचलू नका, त्याचं आउटपुट दीड किलोओहमचं असतं, तिथलं गणित निराळं. आणि हीच रचना १० मीटरला (२८ मेगाहर्ट्झला) नेणार असाल तर मिक्सरच्या आधी आरएफ ॲम्प लागेल, ४० ला बँडचा स्वतःचा नॉइजच इतका असतो की मिक्सरचे सहा-सात डीबी गेले तरी काही बिघडत नाही.