इंजिनात बोल्ट पडला: चुंबकाची काठी की पंजा?

इंजिनाचं हेड, म्हणजे वाल्व्ह असलेला वरचा भाग, उघडलेलं, बोट तेलकट, बोल्ट निसटला आणि खाली कुठेतरी 'टण्' वाजलं. किक किंवा सेल्फ मारायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रश्न उरतो तो हातात काय घ्यायचं याचा: लांब होणारी चुंबकाची काठी, की लवचिक केबलवरचा पंजा? माझ्याकडे दोन्ही बरीच वर्षं आहेत आणि दोन्हींनी मला वाचवलंय.

जिथे काही दिसत नाही तिथे चुंबकाला तोड नाही. तळाच्या तेलात बुडालेला बोल्ट शोधायचा तर चुंबक हळूहळू फिरवत राहायचं, हाताला बारीकशी 'टिच' लागली की समजायचं, सापडला. गजन पिनचा सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी बारीक कडी), वाल्व्हचे कॉटर (वाल्व्हची स्प्रिंग अडकवून ठेवणारे छोटे तुकडे) असल्या पोलादी बारीक वस्तूंनाही तेच बरं. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वायसर मात्र त्याला लागत नाही, आणि 304 या नेहमीच्या प्रकारच्या स्टेनलेसचा बोल्टही जवळजवळ नाहीच. हौसेने सगळे बोल्ट स्टेनलेसचे करून घेतले असतील, तर एक सुटा बोल्ट आधी चुंबकाला लावून बघा. पाकिटावर लिहिलेल्या ताकदीवरही फार जाऊ नका, ती जाड सपाट लोखंडावर मोजलेली असते. बोल्टचं डोकं चुंबकाला जेमतेम कडेने टेकतं.

माझं मन बदललं ते एका संध्याकाळी. कॅम स्प्रॉकेटचा (वाल्व्ह हलवणाऱ्या कॅमच्या दातेरी चाकाचा) 6 मिलिमीटरचा बोल्ट इंजिनातल्या कॅम चेनच्या पोकळीत पडला आणि नशिबाने वीतभर खाली चेन गाईडवर, म्हणजे चेनला टेकू देणाऱ्या पट्टीवर, अडकला. बॅटरीच्या उजेडात डोकं स्वच्छ दिसत होतं. मी काठी आत सोडली आणि ती बोल्टपर्यंत पोचायच्या आत 'टच्च' करून चेनला चिकटली. सोडवली, पुन्हा चिकटली. तिसऱ्यांदा जरा जोर लावून ओढली तर चेन हलली, गाईड थरथरलं आणि डोळ्यांसमोरून बोल्ट खाली गेला. मग बाजूचं कव्हर उघडणं, जुनं गॅस्केट खरवडणं, सगळं आलं. शेवटी तळातून तो बोल्ट काढला चुंबकानेच, हेही सांगायला हवं. पण तो तिथे गेलाही चुंबकामुळेच.

इंजिनाच्या पोकळीत आजूबाजूला सगळं पोलादच असतं. तुम्हाला हवा तो बोल्ट कुठला, हे चुंबकाला कळत नाही. वर येतानाही बोल्ट आडवा चिकटलेला असला की भोकाच्या काठाला घासून पुन्हा पडतो.

पंजा वाटेत कशालाच चिकटत नाही, आणि वायसर कुठल्या धातूचं आहे हेही बघत नाही. त्याची सवय मात्र करावी लागते. मागचं बटण दाबलं की नख्या पुढे येऊन उघडतात, सोडलं की मिटत मिटत मागे जातात. म्हणून बोल्टसमोर नेऊन नुसतं सोडलं, तर त्या बोल्टच्या अलीकडेच मिटतात. अंगठा सोडता सोडता केबल तेवढीच पुढे सरकवायची. पकड डोक्यावर घेऊ नये, तेलामुळे सटकते. डोक्याखाली, दांड्यावर घ्यावी. हे मला बाकावर दहा-पंधरा वेळा सुटा बोल्ट उचलून पाहिल्यावर जमलं.

उणीव एकच, पण मोठी: दिसल्याशिवाय पंजाचा उपयोग नाही. एका हातात केबल, अंगठा बटणावर, म्हणजे उजेड कोणीतरी धरावा लागतो किंवा कपाळावर बांधावा लागतो. अंधारात चाचपडायला तो कुचकामी आहे.

चुंबकाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. टोकावर प्लास्टिकची जाडसर नळी चढवून फक्त पुढचं तोंड उघडं ठेवलं, तर कडेचं चिकटणं बरंच कमी होतं. मी आता तसंच वापरतो. आणि तापलेल्या इंजिनात ते घालू नका. निओडिमियमच्या साध्या चुंबकाची ताकद 80 अंश सेल्सिअसच्या वर कायमची घटू लागते.

तुम्ही बहुतेक वेळा तळातलीच कामं करत असाल तर कदाचित काठीच पुरेल. पण हेड आणि चेनच्या बाजूला हात घालणार असाल आणि सध्या एकच वस्तू घ्यायची असेल, तर मी पंजा घ्या म्हणेन. घेताना बटण दाबून सोडा आणि सगळ्या नख्यांची टोकं एकमेकांना टेकतात का ते बघा. फट राहत असेल तर त्यात पातळ वायसर धरलं जात नाही.