सॅमयांग १३५ एमएम एफ२ : आकाशातली धूळ पकडायला घ्यायची का?

सरळच सांगतो, टेलिस्कोपचं बजेट नसेल आणि आकाशातल्या त्या पुसट धुळीच्या ढगांचे फोटो काढायची खाज असेल तर ही लेन्स घ्या, विषय संपला. नेब्युला (ताऱ्यांमधला वायू-धुळीचा ढग) म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते लाल-गुलाबी चमकणारं काहीतरी, ते वेगळं. मी म्हणतोय ती धूळ, जिला स्वतःचा उजेड नाही, आसपासच्या ताऱ्यांचा उजेड अंगावर पडतो म्हणून दिसते, आणि दिसते म्हणजे तरी काय, पांढऱ्या सदऱ्यावर धुवून पण राहिलेला चहाचा डाग असतो ना, तेवढीच.

एफचा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त; एफ५.६ च्या टेलिस्कोपशी तुलना केली तर एफ२ ला सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर जवळजवळ आठपट उजेड पडतो, धुळीसाठी हाच सगळा खेळ. वजन ८३० ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे छोटा ट्रॅकर (आकाश फिरतं तसा कॅमेरा फिरवणारं यंत्र) पण आरामात ओढतो, आणि फोकल लेंथ कमी असल्यामुळे ट्रॅकिंग जरा इकडंतिकडं झालं तरी तारे गोलच राहतात. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर साधारण १० बाय साडेसहा अंशांचा तुकडा मावतो, म्हणजे कृत्तिका मधोमध ठेवायच्या आणि चारी बाजूंची धूळ फुकटात.

फोकस मात्र घाम काढतो. ऑटोफोकस नाहीच, आणि एफ२ ला फोकसची जागा इतकी बारीक असते की रिंगला नुसतं बोट लागलं तरी तारे फुगतात. रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर नेऊन ठेवली की झालं असं नाही, ती खुणेच्या पुढे पण फिरते. लेन्सपुढं बाहतिनोव्ह मास्क (फोकस तपासायला ताऱ्याभोवती तीन रेघा पाडणारी खाचांची चकती) लावायचा, रोहिणीसारखा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करायचा, मधली रेघ बरोबर दोन रेघांच्या मधे आली की रिंगवर चिकटपट्टी मारायची. पहाटेकडं गारवा वाढला की फोकस सरकतो, तेव्हा पट्टी काढून परत तेच. डिसेंबरात दव पण जोरात पडतं, पॉवर बँकवर चालणारा हीटरचा पट्टा नसेल तर तासाभरात पुढची काच धुरकट.

एफ२ ला कोपऱ्यातले तारे थोडे ताणलेले वाटले तर एफ२.८ करायचा मोह होतो, पण भोक लहान करणाऱ्या आतल्या ९ पात्यांमुळे प्रत्येक ठळक ताऱ्याला १८ काटे फुटतात. त्यापेक्षा पुढच्या ७७ एमएमच्या आट्यांवर स्टेपडाऊन रिंगा (एकीपेक्षा एक लहान होत जाणाऱ्या) चढवून भोक ४९ एमएमवर आणा, जवळपास एफ२.८ च होतं आणि तारे गोल राहतात.

आता कोल्हापूरवाल्यांनी काय टिपायचं. सगळ्यांना ध्रुवाच्या आजूबाजूची नाहीतर सप्तर्षींतल्या एम८१ या दीर्घिकेच्या दिशेची धूळ पाहिजे असते, ज्याला इंटिग्रेटेड फ्लक्स नेब्युला म्हणतात. ती कुठल्या एका ताऱ्यानं नाही तर आख्ख्या आकाशगंगेच्या उजेडानं उजळलेली, म्हणून तर इतकी मंद. पण आपण १६.७ अक्षांशावर, ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर आणि एम८१ फार तर ३८ अंश. त्यात राधानगरीकडं जाऊन उभं राहिलं तर कोल्हापूरचा उजेड नेमका ईशान्येला, म्हणजे सप्तर्षी वर येतात त्याच अंगाला. युरोपातल्या लोकांचे फोटो बघून तिकडं रात्री घालवू नका. आपल्याला कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येतात, वृषभेतली काळी-तपकिरी धूळ पण तशीच, आणि उन्हाळ्यात ज्येष्ठेजवळचा रो ओफियुकी हा धुळीचा ढग ४९-५० अंशांपर्यंत चढतो, हे त्या युरोपवाल्यांच्या नशिबात नाही. कृत्तिकांची ती निळी धूळ त्या ताऱ्यांच्या जन्मातली उरलेली नाहीच बरं का, साधारण ४४० प्रकाशवर्षांवर हे तारे वाटेत आलेल्या ढगातून चाललेत एवढंच.

हंगामाचं पण बघा. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलच्या डब्यात. आभाळ उघडतं तोवर ऊसतोड सुरू, मग पाचट पेटवलेल्याचा धूर, वाटेतल्या कारखान्याचे दिवे, आणि ऐन एक्स्पोजरमध्ये गाणी लावून हेडलाइट मारत येणारा ट्रॅक्टर. जाळ अन् धूर संगटच. गगनबावड्याकडं रस्त्यापासून जरा आत सरकलं, तेही अमावास्येच्या आसपास, तर काम होतं.

आणि हो, लेन्सबरोबर दुकानदार ड्युअल बँड फिल्टर (उजेडाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) गळ्यात मारतात, धुळीसाठी तो शून्य कामाचा. धूळ ताऱ्यांचाच उजेड परावर्तित करते, तो सगळ्या रंगांत पसरलेला असतो, फिल्टर दिव्यांच्या उजेडाबरोबर तिला पण कापतो. तेच पैसे पेट्रोलवर घाला. फ्लॅट फ्रेम्स (एकसारख्या उजळ पांढऱ्या पृष्ठभागाचे फोटो, कडांचा अंधार दुरुस्त करायला) मात्र चुकवू नका, एफ२ ला कडा काळवंडतात आणि मग धूळ कुठली न् लेन्सचा अंधार कुठला ते कळत नाही. सिरिल या फोटो प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकग्राउंडचा उजेड काढताना पण हात आखडता, जास्त केलं की तीन-चार तास जमवलेली धूळ उजेडासकट साफ.

कॅनन ईएफची साधी आवृत्ती घेतली तर कॅमेऱ्याशी बोलणारे इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट नाहीत, ॲपर्चर (भोकाचा आकार) हातानं फिरवायचं, मिररलेसवर ॲडॉप्टरनं लावली तर मेनूत जाऊन 'लेन्स नसतानाही शटर चालेल' हा पर्याय चालू करावा लागतो. सध्या नुसता कॅमेरा आणि ट्रायपॉडच असेल तर मात्र आधी ट्रॅकर घ्या, लेन्स नंतर, कारण ट्रॅकरशिवाय १३५ ला दोन सेकंदांतच तारे रेघा ओढतात.