एकच गुहा सांभाळता येणार असेल तर कोणती?

आमच्या गटात हौशी माणसं सात, त्यातल्या दोघांचे गुडघे गेलेले, आणि वर्षाकाठी वर्गणीतून जमतात पस्तीस-चाळीस हजार. एवढ्या भांडवलात वटवाघळांची एकच गुहा नीट हाती घेता येते, हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. तुमच्याकडे हीच चर्चा चालू असेल तर आमचा हिशेब बघा. तो तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

निव्वळ गरज बघायची तर पहिला मान कर्नाटकातल्या कोलारचा. हनुमनहळ्ळीच्या टेकडीत पर्णनासिक वटवाघळांची एक जात उरलीय, एकाच गुहेत, दोनशेहूनही कमी, आणि आजूबाजूला ग्रॅनाइट फोडणाऱ्यांचा उच्छाद. पण तिथे कन्नड मंडळी आधीच जीव लावून काम करताहेत. आपण लांबून जाऊन फक्त चहा पिऊन येणार. लेण्यांचा विचारही लवकर सोडला. तिथे चित्रं आणि शिल्पं वाचवायची असतात, वाघळांची घाण कुणालाच नको असते, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चूक नाही.

उरल्या दोन. एक बारापेडे, बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळची. दुसरी आपल्याकडची, घाटमाथ्यावर एका थंड हवेच्या ठिकाणापासून जवळ. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. येतात तेवढे पर्यटक पुरेत.

बारापेडेचं मोठेपण वेगळं सांगायला नको. १९१३ साली ओल्डफिल्ड थॉमस यांनी रॉटनच्या वटवाघळाला नाव दिलं ते इथल्या नमुन्यांवरून. पुढे जवळजवळ नव्वद वर्षं सगळ्या जगात त्याचा हा एकच पत्ता माहीत होता. मग या शतकाच्या सुरुवातीला कंबोडियात सापडलं, मेघालयात सापडलं. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला वाघाच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत बसवलंय. मी परवानगी काढून, वनरक्षकाबरोबर एकदाच गेलो. छताच्या पोकळीत चारपाच जणांचा पुंजका दाटीनं बसला होता. पाठ चॉकलेटी, मानेवर फिकट पट्टा, आणि कान एवढे मोठे की चेहरा त्यांच्या सावलीत. दहा मिनिटांत आम्हाला बाहेर काढलं. परतीच्या वाटेवर कुणी फारसं बोललं नाही. माझा जीव कुठे अडकलाय हे एव्हाना कळलंच असेल.

आता दुसरी गुहा. इथे फळं खाणारी रूसेटस वाघळं. मोठ्या झाडांवर दिवसाढवळ्या लटकणारी नव्हेत. ही जीभ टकटक वाजवून त्या आवाजावर अंधारात वाट काढतात, म्हणून फलाहारी असूनही गुहेत राहू शकतात. जात अगदी सर्वसाधारण. परवापरवापर्यंत तर फळं खाणारी वाघळं कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी म्हणून होती. २०२२च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. संख्या? संध्याकाळी तोंडाशी बसून आम्ही मोजतो. मी म्हणतो दोन हजार, माझा मित्र म्हणतो चौदाशे, आणि दोघांनी एकाच बाजूला बसून मोजलेलं असतं.

२०१८ साली फिलिपाइन्समधल्या गुहांवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी गुण द्यायची एक पद्धत मांडली, ती उपयोगी आहे. आत कोण राहतं, किती, किती दुर्मीळ, यावरून एक ते चार आकडा. गुहा किती उघडी पडलीय, आत शिरणं किती सोपं, माणसांचा वावर किती, यावरून ए ते डी अक्षर. एक-ए आली की धावायचं. आमच्या अंदाजानं बारापेडेचा आकडा एक, त्यात वाद नाही. पण अक्षर जेमतेम सी. ती ज्या जंगलात आहे ते भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, जंगल दाट आहे, जाऊ देत नाहीत. आपल्या गुहेचा आकडा तीन, तोही मन मोठं करून. अक्षर मात्र डोळे मिटून ए.

नुसत्या कागदावरून ठरवायचं असतं तर आम्ही अजून भांडत बसलो असतो. ठरलं ते टाळीमुळे.

या गुहेशी एक पोरगा असतो, मक्याची कणसं भाजतो आणि जोडीला लोकांना आत नेतो. माणशी वीस रुपये. पहिल्यांदा गेलो तो मार्चमधला रविवार. आत सात-आठ जणांचं कुटुंब, मोबाईलच्या बॅटऱ्या छताकडे. पोरगा म्हणाला, "थांबा काका, उडवून दाखवतो," आणि त्यानं तीन टाळ्या वाजवल्या. एकदम सगळं छत सुटलं. मुलं किंचाळली, कुणीतरी हसलं, वारा अंगावर आला. मिनिटभरात मंडळी बाहेर. मी थांबलो म्हणून दिसलं: खाली विष्ठेच्या ढिगावर एक पिल्लू, अजून अंगावर नीट केस नाहीत, अंगठ्याच्या नखीनं ढीग ओरबाडत होतं. झुरळं आधीच पोचली होती. थोड्या अंतरावर आणखी दोन.

ही वाघळं वर्षातून दोनदा वितात, एका वेळी एकच पिल्लू. एक वीण मार्चच्या सुमारास, दुसरी जुलैच्या. लहान पिल्लू आईच्या पोटाला चिकटून असतं. आई दचकून सुटली की काही पिल्लं निसटतात. छत उंच, त्यामुळे उचलून परत ठेवायचीही सोय नाही. मी बाहेर येऊन विचारलं तेव्हा पोरगा मोकळेपणानं म्हणाला, रविवारी पंधरा-वीस वेळा तरी उडवावी लागतात.

तीन टाळ्या, गुणिले वीस, गुणिले मार्चमधले रविवार. याला मोजमाप म्हणत नाहीत, मान्य. पण त्यानंतर बैठकीत मला बारापेडेची बाजू मनापासून मांडता येईना. तिथे टाळी वाजवायला कुणी पोचतच नाही.

उलट बाजूही सांगतो. रूसेटस एका गुहेतून उठली तरी दुसरीकडे जातील, रॉटनच्या वाघळाला जायला जागा नाही, असं आमच्यातले एक सर म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. उद्या बारापेडेच्या आसपास रस्ता किंवा धरण आलं तर माझा हिशेब उलटेल. पण तसली लढाई कोर्टाची आणि फायलींची. तुमच्या गटात वकील असेल तर बारापेडेच घ्या, खुशाल. आमच्याकडे निवृत्त शिक्षक आणि एक औषधविक्रेता.

शिवाय घाटमाथ्यावर भीतीही वाढलीय. २०२० साली महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वाघळांत निपाह या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला मिळाल्या. पुढच्या वर्षी बातमी आल्यावर गावात "धूर घालून काढून टाका" अशी भाषा सुरू झाली. धुरानं वाघळं चार गावांत पांगतात, हे समजवायला तिथे जाऊन बसावंच लागतं. खरं तर आत न शिरणं हाच दोन्ही बाजूंनी सोपा उपाय.

एक चूक टाळा. आम्ही आधी तोंडाला लोखंडी दार बसवायला निघालो होतो, कोटेशनसुद्धा आलं होतं. फळवाघळांचा एवढा मोठा थवा गजांतून धड निघत नाही, तोंडाशीच कोंडतो. आता वीस पावलं अलीकडे दोरी आहे, फळा आहे, आणि तो कणीसवाला पोरगा. दुपारी आत नेण्याऐवजी सातच्या सुमाराला तो लोकांना दोरीपाशी उभं करून वाघळं बाहेर पडताना दाखवतो. माणशी तीस घेतो. कणसंही जास्त खपतात म्हणे. तरी आमची पाठ वळली की दुपारी काय होतं, याची खात्री मी देणार नाही.

जुलैत वर इतकं धुकं आणि पाऊस असतो की कुत्रं फिरकत नाही, तेव्हा दुसऱ्या विणीला राखण लागत नाही. काम उरतं ते मार्चचं. येत्या मार्चचे रविवार आम्ही वाटून घेतलेत. तिसऱ्या रविवारी अजून एक माणूस कमी पडतोय.