माइलमागे किती पैसे? इंदूरहून चौदा महिने माइल्स वापरून झाल्यावर

पीथमपूरच्या एका औषध कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. ऑडिटसाठी वर्षातून दोन-तीनदा युरोप आणि महिन्याआड मुंबई किंवा हैदराबाद, असं बरीच वर्षं चालू होतं. तिकीट कंपनीचं, माइल्स मात्र प्रवाशाच्या नावावर. माइल्स म्हणजे विमान प्रवासावर मिळणारे पॉइंट, जे देऊन पुढचं तिकीट काढता येतं. ते साठत गेले आणि मी तिकडे लक्षच दिलं नाही. मागच्या वर्षी फ्रँकफर्टला दादा-वहिनीकडे बाळ येणार असं कळलं, आई-बाबांना तिकडे पाठवायचं ठरलं, तेव्हा खातं उघडून बघितलं. 98,300 माइल्स होते. त्याआधीचे साधारण बावीस हजार मुदत संपून गेलेले. ते बावीस हजार बघून इतकं वाईट वाटलं की त्याच रात्री वही घेऊन बसले.

त्या वहीत एकच हिशेब आहे आणि चौदा महिने मी तोच करतेय. तिकिटाचा रोख भाव घ्यायचा, त्यातून माइल्सच्या तिकिटावरही भरावा लागणारा कर वजा करायचा, आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सनी भागायचं. एका माइलमागे किती पैसे सुटले ते कळतं. पहिलं तिकीट मी घाईत काढलं, इंदूर–दिल्लीचं. रोख भाव 4,850, माइल्स 7,500 आणि कर 1,050. सुटले 3,800 रुपये, म्हणजे माइलला 51 पैसे. त्याच खात्यातून 2,400 रुपयांची प्रवासी बॅग 9,600 माइल्सना मिळत होती, म्हणजे माइलला 25 पैसे. बॅगा, मिक्सर, गिफ्ट व्हाउचर यांवर माइल्स घालवू नयेत हे सगळेच सांगतात. आकडा समोर आला की ते पटतं.

यात एक बारीक गोष्ट सुटते. रोखीच्या तिकिटावर नवे माइल्स मिळतात, माइल्सच्या तिकिटावर सहसा मिळत नाहीत. तेही धरलं तर ते 51 पैसे आणखी खाली येतात. तेव्हापासून माझी रेघ 75 पैशांवर आहे. त्याखाली असेल तर मी सरळ पैसे भरते.

हा हिशेब खरा कामाला आला मावशीच्या वेळी. ती दादरला असते. रात्री साडेनऊला फोन आला की तिला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, सकाळी अँजिओप्लास्टी आहे. अवंतिका एक्सप्रेस निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मुंबईच्या विमानाचा भाव 12,900 रुपये. माझं मुख्य खातं स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या एका परदेशी कंपनीचं आहे, आणि एअर इंडिया 2014 च्या जुलैपासून त्या गटात आहे. त्यामुळे तेच माइल्स इंदूर–मुंबईलाही चालतात. माझ्या कार्यक्रमात, म्हणजे त्या कंपनीच्या माइल्स-योजनेत, भागीदार कंपनीच्या सीटचा दर अंतराच्या किंवा विभागाच्या ठरलेल्या तक्त्यावरून लागतो; उद्याचं विमान आहे म्हणून तो चढत नाही. 8,500 माइल्स आणि 1,000 रुपये कर. माइलला एक रुपया चाळीस पैसे. सकाळी आठच्या आत मी सांताक्रूझला उतरले होते. मावशी आता ठणठणीत आहे.

म्हणून देशांतर्गत प्रवासाबद्दल माझं मत असं की आरामात ठरवलेल्या प्रवासाला माइल्स वापरू नयेत. महिनाभर आधी काढलेलं तिकीट स्वस्तच असतं. अचानक जावं लागलं, दिवाळीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत यायचं असलं, किंवा एकाच बाजूचं तिकीट हवं असलं, तर आधी माइल्सकडे बघावं. अट एकच, तुमच्या कार्यक्रमाचा दर तक्त्यावर चालणारा हवा. काही कंपन्या आपल्याच विमानांवर माइल्सचा दर रोखीच्या भावाशी जोडतात; भाव चढला की माइल्सही चढतात. तिथे ही युक्ती चालत नाही.

आता फ्रँकफर्ट, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

मी माइल्सवर मिळणाऱ्या सीट इंदूर–फ्रँकफर्ट अशा शोधल्या की पडद्यावर काहीच यायचं नाही. आठवडाभर रोज तेच. मग तुकडे करून शोधायला लागले. आधी फक्त दिल्ली–फ्रँकफर्ट, तारखेमागून तारीख. पंधरा दिवसांत तीन तारखांना दोन-दोन सीट सापडल्या, तिन्ही मंगळवार-बुधवारच्या. मग त्याच दिवसाचं इंदूर–दिल्ली वेगळं शोधलं, तेही मोकळं होतं. दोन्ही विमानांचे नंबर आणि वेळा वहीत लिहून कॉल सेंटरला फोन लावला. चाळीस मिनिटं लागली, पण त्या मुलीने दोन्ही तुकडे एका तिकिटात बसवले. आमच्यासारख्या गावांतून जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे. वेबसाइट नाही म्हणाली तरी लांबचा टप्पा आधी शोधा आणि घराजवळचा मागून जोडा.

एकच तिकीट असण्याचं महत्त्व इंदूरच्या विमानतळावर कळलं. काउंटरवरच्या मुलाने बाबांच्या बॅगेला पट्टी लावली, त्यावर आधी दिल्ली आणि मोठ्या अक्षरांत एफआरए, म्हणजे फ्रँकफर्ट. बाबांनी चष्मा वर करून ती पट्टी वाचली आणि विचारलं, "म्हणजे दिल्लीत ही उचलायची नाही?" नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दोन वेगळी तिकिटं असती तर दिल्लीत बाहेर येऊन, सामान घेऊन, पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं असतं. शिवाय इंदूरचं विमान उशिरा निघालं असतं तर पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी कोणी घेतली नसती.

याच मार्गावर आणखी एक पर्याय दिसत होता, मुंबईहून थेट, एका युरोपियन कंपनीचा. तिथे माइल्स कमी लागत होते, माणशी 35,000. मी जवळजवळ बटण दाबलंच होतं. पण करांची रक्कम 19,800 रुपये होती. ती उघडून बघितली तर सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क त्यात थोडंच. मोठा हिस्सा वायक्यू नावाच्या ओळीत, म्हणजे विमान कंपनीने स्वतः लावलेला सरचार्ज. एअर इंडियाच्या सीटला माइल्स 38,000 पण कर 6,500. जाऊन-येऊन रोख तिकिटाचा भाव 76,000 होता, त्याचा अर्धा 38,000 धरला. युरोपियन कंपनीच्या सीटवर माइलला 52 पैसे पडत होते, एअर इंडियाच्या सीटवर 83. कमी माइल्स म्हणजे स्वस्त, ही समजूत त्या दिवशी गेली. करांच्या आकड्यावर क्लिक करून आतल्या ओळी वाचल्याशिवाय मी आता पुढे जात नाही. ज्यांचे नातेवाईक लंडनला आहेत त्यांनी ब्रिटनची एअर पॅसेंजर ड्यूटीही बघावी. ती ब्रिटनमधून निघतानाच लागते आणि वरच्या वर्गाला तिचा दर जास्त असतो, त्यामुळे जाणं आणि येणं यांचा हिशेब वेगळा येतो.

रोख भाव म्हणून मी जाऊन-येऊन भावाचा अर्धा का धरला ते सांगते. एकाच बाजूचं रोख तिकीट 52,000 चं होतं. तो आकडा घेतला असता तर माइलला एक रुपया वीस पैसे आले असते आणि मला फार छान वाटलं असतं. पण ते तिकीट मी कधीच काढलं नसतं. आई-बाबा परत येणारच होते. आपण खरोखर जे पैसे भरले असते तोच आकडा हिशेबात धरायचा, नाहीतर हा हिशेब म्हणजे मनाची समजूत.

बिझनेस क्लासचं गणित इथेच फसवतं. बाबांच्या गुडघ्यासाठी मी तेही बघितलं. 72,000 माइल्स आणि 9,000 कर. रोख भाव 1,85,000. माइलला दोन रुपये चव्वेचाळीस पैसे! मी बाबांना विचारलं, "बाबा, पाय पसरून झोपायला मिळत असेल तर तुम्ही स्वतःच्या खिशातून किती द्याल?" ते विचार करून म्हणाले, "पंचाहत्तर हजार. त्याच्या वर एक पैसा नाही." मग खरा आकडा 92 पैसे. तरीही इकॉनॉमीपेक्षा बराच, आणि मी त्यांच्यासाठी ती सीट काढायला तयार होते. पण माइल्स एकाच्याच पुरते होते. बाबा म्हणाले, "तुझी आई मागे बसणार आणि मी पुढे झोपून जाणार? नको." विषय संपला. दोघांसाठी इकॉनॉमी काढली, बाबांना कडेची सीट आणि दिल्लीत व्हीलचेअर मागितली.

एक चूक महागात पडली, तीही मांडते. सुरुवातीला एका दुसऱ्या कार्यक्रमात माणशी 30,000 ला दोन सीट दिसल्या. मी लगेच क्रेडिट कार्डावरच्या पॉइंटमधून 60,000 माइल्स तिकडे ट्रान्सफर केले. यायला चार दिवस लागले, तोवर दोन्ही सीट गेल्या. ट्रान्सफर उलटं फिरत नाही. पॉइंट कार्डावर असेपर्यंत दहा ठिकाणी जाऊ शकतात, एकदा गेले की एकाच दारात अडकतात. आणि माझ्याच बँकेने पुढे महिन्याभराची सूचना देऊन ट्रान्सफरचं प्रमाण, म्हणजे एका पॉइंटमागे मिळणारे माइल्स, कमी केलं. म्हणजे कार्डावर फार काळ ठेवणंही धोक्याचं. या दोन्हींच्या मधली वाट मला अशी सापडली: आधी कॉल सेंटरला सीट खरी आहे ना ते विचारायचं, कारण भागीदार कंपनीची दिसणारी सीट कधीकधी पैसे भरताना नाहीशी होते. सीट थोडे दिवस धरून ठेवता येते का तेही विचारायचं. मग लागतील तेवढेच पॉइंट हलवायचे, एकही जास्त नाही.

साठवून ठेवण्याबद्दल माझं मत कडक आहे. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये माइल्सची मुदत 36 महिने असते. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने 2019 मध्ये मुदत काढूनच टाकली. पण मुदत नसली तरी किंमत टिकतेच असं नाही. जेट एअरवेजची विमानं 17 एप्रिल 2019 ला थांबली. तिचा माइल्सचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीत असल्याने खाती उरली, पण ज्या सीटसाठी लोकांनी माइल्स जमवले होते त्या सीटच उरल्या नाहीत. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिथले पॉइंट एअर इंडियाच्या कार्यक्रमात गेले. माइल्सवर व्याज मिळत नाही. वर्ष-दीड वर्षात वापरायचे नसतील तर जमवूच नयेत.

वहीत न मावलेला फायदा परतीच्या वेळी मिळाला. परतीची दोन तिकिटं त्या अडकलेल्या 60,000 मध्ये आणखी 6,000 घालून काढली होती, माणशी 33,000. मुक्काम साठ दिवसांचा ठरलेला. बारसं झालं, वहिनी कामावर परत जायची वेळ आली, आणि आईचा फोन आला, "अगं, तीन आठवडे पुढे ढकलता येईल का? बाळाला पाळणाघराची सवय होऊ दे." जर्मनीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, त्यामुळे एक्याऐंशीव्या दिवशी निघणं बसत होतं. रोख तिकीट असतं तर बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक मिळून दोघांचे एकतीस हजार गेले असते. तसंच तिकीट समोर ठेवून मी तो आकडा काढला होता. माइल्सच्या तिकिटाला दोघांचे मिळून साडेचार हजारांच्या आत भागलं. सीट मात्र लगेच मिळाली नाही. रोज रात्री जेवणं झाल्यावर बघत राहिले, आणि निघायच्या अकरा दिवस आधी एका बुधवारी दोन सीट मोकळ्या झाल्या. साधारण अकरा महिने आधी विक्री उघडते तेव्हा, आणि मग शेवटच्या दोन आठवड्यांत न विकलेल्या सीट सोडतात तेव्हा; माझ्या अनुभवात याच दोन खिडक्या खऱ्या. मधले महिने कोरडे जातात.

व्हिसा हाती यायच्या आत तिकीट काढलं, तेव्हाही हाच आधार वाटला. बहुतेक कार्यक्रमांत थोडं शुल्क भरून रद्द करता येतं आणि माइल्स खात्यात परत येतात. काढण्याआधी तो नियम वाचून घ्यावा, आणि परत आलेल्या माइल्सची जुनी मुदत संपलेली तर नसेल ना, तेही.

आता मुख्य खात्यात 6,300 माइल्स आहेत, त्यांची मुदत येत्या मार्चपर्यंत. मावशी फेब्रुवारीत तपासणी झाली की आमच्याकडे राहायला येणार आहे. मुंबई–इंदूरला 8,500 लागतात. सीट दिसली की कार्डावरून फक्त 2,200 हलवायचे, एवढं वहीत लिहून ठेवलंय.