सोलकॅलिबर, ड्रीमकास्टवर: काही महिने पुन्हा खेळल्यावर

सोलकॅलिबर हा शस्त्रांनी लढायचा फायटिंग गेम. त्याला काही झालेलं नाही. ड्रीमकास्टला, म्हणजे सेगाच्या ज्या जुन्या कन्सोलवर तो चालतो त्याला, मात्र वयाची सगळी दुखणी लागली आहेत. काही महिने नियमित खेळल्यावर तक्रारींची जी यादी होते, तिच्यात कन्सोल, टीव्ही आणि पॅडच जास्त भरतात. तलवारबाजीबद्दल बोट ठेवायला जागा फार थोडी.

नामकोने हा गेम 1998 मध्ये आर्केडसाठी (नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी) काढला, प्लेस्टेशनच्या हार्डवेअरवर बेतलेल्या सिस्टम 12 बोर्डवर. 1999 मध्ये तो ड्रीमकास्टवर आला आणि घरची आवृत्ती आर्केडपेक्षा देखणी निघाली. हालचाल आजही सेकंदाला 60 फ्रेमने अखंड चालते. गोष्ट नावापुरती आहे, तिच्यासाठी कोणी हा गेम लावत नाही.

खरी मजा पायांच्या कामात आहे. दिशा दाबून धरली की लढवय्या आठही दिशांना चालतो. त्यामुळे खाली बसायला किंवा उडी मारायला गार्ड (वार अडवायचं बटण) दाबून खाली-वर करावं लागतं. दुसऱ्या फायटिंग गेममधून आलेल्यांचा इथेच घोटाळा होतो: बसायला जातात आणि बाजूला चालू लागतात. हिशोब सोपा आहे. उभा (वरून खाली येणारा) वार जोरकस, पण समोरचा बाजूला सरकला की हवेत जातो. आडवा वार सरकणाऱ्याला पकडतो, पण उंचावरून आला तर खाली बसून चुकवता येतो. नाइटमेअरसारखा अवजड तलवारीचा गडी घेतलात तर चुकलेल्या प्रत्येक उभ्या वाराची किंमत मोजावी लागते, कारण तलवार परत जागेवर येईपर्यंत समोरच्याला आरामात वार करता येतो.

गार्ड इम्पॅक्ट, म्हणजे समोरच्याचा वार ऐन वेळी उलटवणं, नीट कळला की गेम दुसराच वाटू लागतो. वार अंगावर येण्याच्या क्षणी पुढे आणि गार्ड दाबलं तर तो परतवला जातो. मागे आणि गार्ड दाबलं तर बाजूला वळवला जातो. नवशिके इथे एक चूक हमखास करतात: इम्पॅक्ट लागला की लगेच आपला वार सोडतात. ज्याचा वार परतवला गेला त्याला त्या वेळी साधा गार्ड घेता येत नाही, पण तो उलटा इम्पॅक्ट मारू शकतो. म्हणून क्षणभर थांबा. समोरचा घाईने इम्पॅक्ट मारून मोकळा झाला की मग घाला घाव. दोन सराईत खेळाडूंमध्ये ही फसवाफसवी चार-चार वेळा उलटसुलट होते, आणि माझ्या मते या गेममध्ये बघण्यासारखं याहून चांगलं काही नाही.

थ्रोला (समोरच्याला पकडून आपटण्याला) इम्पॅक्ट चालत नाही. आडव्या वाराच्या बटणाने केलेला थ्रो त्याच बटणाने सुटतो, उभ्याचा उभ्याने. म्हणजे पन्नास टक्के अंदाजच. रिंगच्या कडेला पाठ असेल तर मागे सरकणं बंद करा आणि गोल फिरून समोरच्याला कडेकडे ढकला. रिंगबाहेर गेलात की भरलेली लाइफही कामाची नाही.

आता टीव्ही. एक फ्रेम म्हणजे 16.7 मिलिसेकंद. चित्र सुधारण्याच्या नादात टीव्हीने तीन फ्रेम उशीर लावला तर 50 मिलिसेकंद गेले, आणि इम्पॅक्ट सतत चुकू लागतो. माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. टीव्हीचा गेम मोड (हा उशीर कमी करणारं सेटिंग) चालू करा हे झालंच, पण पिवळ्या कंपोझिट केबलवर राहू नका. सोलकॅलिबर व्हीजीए (कॉम्प्युटर मॉनिटरची जोडणी) चालवतो. व्हीजीए बॉक्स लावला की 480 ओळींचं प्रोग्रेसिव्ह चित्र मिळतं आणि टीव्हीला इंटरलेस (एकाआड एक ओळींनी येणारं चित्र) सोडवत बसावं लागत नाही. पाल (युरोपातली 50 हर्ट्झची) आवृत्ती असेल आणि कंपोझिटच वापरायचं असेल तर सुरुवातीला विचारल्यावर 60 हर्ट्झ निवडा.

पॅडचा डी-पॅड (दिशांचं अधिक-चिन्हासारखं बटण) कडक आहे, कडा टोचतात, तासाभरात अंगठा बोलू लागतो. ऑप्शन्समध्ये बटणं बदलता येतात. वार आणि गार्ड या दोन बटणांची जोडी ट्रिगरवर (पॅडच्या मागच्या बटणावर) टाकली तर थ्रो बराच सोपा होतो.

कन्सोलचं सगळ्यात त्रासदायक दुखणं म्हणजे ऐन लढतीत रीसेट होऊन मेन्यूवर येणं. आधी डिस्कचं झाकण हलकेच दाबून बघा. झाकणाचा स्विच ढिला असेल तरी हेच होतं. तो ठीक असेल तर संशय पॉवर सप्लायवर. तो बोर्डवरच्या सहा उभ्या पिनांवर बसवलेला असतो आणि त्या पिना काळवंडतात. प्लग काढून बराच वेळ थांबा, कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहतो आणि त्या भागाला बोट लागता कामा नये. खालचे चार स्क्रू काढा, त्यातला एक मोडेमखाली लपलेला आहे. सप्लाय सरळ वर उचला, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून पुसा आणि परत बसवा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

दर वेळी तारीख विचारत असेल तर आतली एमएल2032 बॅटरी गेली. ती रिचार्जेबल आहे. तिच्या जागी साधी सीआर2032 तशीच लावू नका, कन्सोल तिला चार्ज करायला जातो. डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालावाच लागतो. खेळायला तारखेची गरज नाही, दुर्लक्ष केलंत तरी चालेल. सुरू करताना व्हीएमयू (पॅडमध्ये बसणारं मेमरी कार्ड) किंचाळतो तो त्याच्या दोन बॅटऱ्या संपल्यामुळे. सेव्ह मात्र त्यांच्याशिवायही टिकतो.

एकट्याने खेळणाऱ्यांसाठी मिशन मोड आहे: कुठे वारा ढकलतो, कुठे विष चढतं, कुठे वाळूत पाय रुततात. मिळालेल्या पॉइंटांवर चित्रं विकत घेता येतात. सुरुवातीला 10 लढवय्ये असतात, आर्केड मोड पुन्हा पुन्हा संपवत गेलं की नवे उघडत जातात, सगळे मिळून 19. 2008 मध्ये एक्सबॉक्स 360 वर आलेल्या एचडी आवृत्तीत मिशन मोड नाही. नुसतं दोघांनी लढायचं असेल तर ती चालेल, एकट्याला ड्रीमकास्टचीच घ्यावी लागेल.

कन्सोल जुना घेत असाल तर चारही पोर्टांत पॅड लावून बघा. एकही चालत नसेल तर पोर्टांच्या छोट्या बोर्डवरचा एफ1 फ्यूज उडालेला असण्याची शक्यता मोठी. चालू कन्सोलला पॅड काढ-घाल करण्याने तो जातो. दुरुस्ती सोल्डरिंग येणाऱ्याला काही मिनिटांची आहे, तेव्हा भाव पाडायला हरकत नाही.