घाण्याचं तेल की निलगिरीची बाटली?

तालमीतल्या पैलवानाच्या मालिशला तेल वाटीनं लागतं, थेंबांनी भागत नाही. तिथं घाण्याचं तीळतेल किंवा खोबरेलच. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणून कोल्हापूरच्या थंडीत आमची बाटली सकाळी उन्हात बसलेली असते.

निलगिरीचं तेल म्हणजे पानांना वाफ देऊन काढलेला अर्क. झाकण उघडं राहिलं की हवेत उडून जातो. सर्दीत रुमालावर दोन थेंब, नाद खुळा! पण नुसतंच अंगाला चोळाल तर आग होईल. ३० मिलि खोबरेलात १०-१२ थेंब, बास. पोटात घ्यायचं नाही, आणि तान्ह्याच्या नाकाजवळ तर अजिबात नाही.

रोजचं म्हणाल तर माझं मत घाण्यालाच. निलगिरी पावसाळ्यापुरती.